वही तपासली, वाचली कोणी?

(साने गुरुजींच्या स्मृतिदिनी, ११ जून रोजी, तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुरुवात मी माझ्या हातून झालेल्या एका चुकीने करते. आज ज्यांचं स्मरण करायला आपण जमलो आहोत, त्यांच्यासमोर हे कबूल केल्याशिवाय मला पुढचं काही बोलता येणार नाही.

साल २००३. आठवीचा वर्ग. आमच्या शाळेत दरवर्षी दिवाळीनंतर काही नवी मुलं यायची आणि साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की निघून जायची. ही ऊसतोडीला आलेल्या टोळ्यांची मुलं. त्या वर्षी माण तालुक्यातला एक मुलगा आला होता. त्याचं नाव मी घेणार नाही. जानेवारीतल्या चाचणीत निबंधाचा विषय होता, 'माझे घर'. वर्गातल्या बाकीच्या मुलांनी अंगण, तुळस, आजोबांचा झोपाळा असं लिहिलं. त्यांतल्या निम्म्यांच्या घरी झोपाळा नव्हता, हे मला ठाऊक होतं. या मुलाने लिहिलं कोपीबद्दल. बांबू कुठे रोवायचे, पाचट कसं शाकारायचं, कोपी अर्ध्या दिवसात कशी उभी राहते. दार बुटकं असतं म्हणून वडील वाकूनच आत येतात. आई रात्री दोनला उठून भाकरी करते. रात्री गाडी भरायला आली की सगळी कोपी जागी होते आणि धाकटी बहीण चुलीपाशी पुन्हा झोपते. शेवटी त्याने लिहिलं होतं की गावाकडे आमचं दगडाचं घर आहे, तिथे आजी एकटी आहे, यातलं माझं घर कोणतं ते मला ठरवता आलं नाही म्हणून दोन्ही लिहिली.

मी त्याला १० पैकी ३ गुण दिले. 'होता' ऐवजी 'व्हता', 'आम्ही' ऐवजी 'आमी', ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका, अशा २३ जागांना लाल शाईने गोल केले आणि खाली शेरा लिहिला, 'शुद्धलेखन सुधारा. विषयाला धरून लिहा.' पेपर हातात पडल्यावर त्याने तो पाहिला, घडी घातली आणि दप्तराच्या तळाशी ठेवला. पुढच्या चाचणीत निबंधाची जागा कोरी होती. मार्चमध्ये पट्टा पडला आणि टोळी गेली.

तीन वर्षांनी कपाट आवरताना त्या चाचणीच्या पेपरांचा गठ्ठा रद्दीत घालायला काढला. मुलांना दाखवून पुन्हा गोळा करून ठेवलेले पेपर होते ते. वर त्याचा पेपर होता. उभ्या उभ्याच मी तो वाचला, आणि ध्यानात आलं की मी तो पहिल्यांदाच वाचते आहे. आधी मी तो फक्त तपासला होता.

मला आज जो विषय दिला आहे तो 'तरुण पिढी आणि वाचनसंस्कृती'. पण या एका पेपरापासून माझ्या मनात जे घर करून बसलं आहे तेच मी मांडणार आहे. मुलं लिहीत नाहीत, वाचत नाहीत, अशी ओरड आपण करतो. माझ्या अनुभवाने सांगते, लिहिणाऱ्या मुलाला आधी वाचक लागतो. एक माणूस पुरे. त्याने जे लिहिलं त्यातलं म्हणणं ज्याच्यापर्यंत पोचलं, असा एक. तो मिळाला की मूल आणखी लिहितं. आणि लिहू लागलेलं मूल दुसऱ्यांनी कसं लिहिलं आहे हे पाहायला पुस्तकाकडे स्वतःहून येतं. आपण हे उलट्या क्रमाने करतो. आधी वाच, खूप वाच, मग कधीतरी लिही, असं सांगतो.

साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि १९३० साली नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. मधली अवघी सहा वर्षं. त्या काळात शाळेच्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. मुलांच्या खोल्या झाडणारे, आजारी मुलाच्या उशाशी बसणारे गुरुजी आपल्याला माहीत आहेत. त्यांनी छात्रालयातल्या मुलांसाठी एक हस्तलिखित दैनिक काढलं होतं, ही गोष्ट मात्र आपण पटकन ओलांडून जातो. दैनिक. दिवसभर शिकवायचं, मुलांची उस्तवार करायची आणि त्या थोड्या मुलांसाठी रोज हाताने लिहायचं. छापखाना नाही, वर्गणीदार नाहीत. पुढे १९२८ साली त्यांनी 'विद्यार्थी' मासिक काढलं, पण मला त्या दैनिकाची ओढ जास्त वाटते. आपल्यासाठी कुणीतरी रोज लिहितं आहे, हे ज्या मुलाला कळलं, त्याला वाचनाचं महत्त्व वेगळं सांगावं लागलं असेल का?

नंतर १९३२ साल. धुळ्याचा तुरुंग. विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत, आणि गुरुजी ते उतरवून घेत. आज घराघरांत असलेलं 'गीता प्रवचने' हे पुस्तक आपल्या हाती आलं ते त्या उतरवून घेण्यामुळे. आणि त्याच्या पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहून झाली. ते पुस्तक पुन्हा उघडून पाहा. त्यात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. पहिली रात्र, दुसरी रात्र. श्याम आश्रमातल्या मित्रांना गोष्ट सांगतो आहे. कुणी ऐकायला उशिरा येतं, कुणी मध्येच काही विचारतं. आईवरच्या प्रेमातून ते पुस्तक आलं हे खरंच आहे. पण मराठीची शिक्षिका म्हणून मला दिसतं ते असं, की गुरुजींनी ते लिहायला बसण्याआधी समोर ऐकणारे बसवून घेतले. पुतणी सुधा हिला लिहिलेल्या 'सुंदर पत्रां'चंही तेच. जगभरच्या गोष्टी त्या पत्रांत येतात, आणि पलीकडे एक मुलगी आहे.

उतरवून घेणं हा लेखनाचा पहिला धडा आहे, हे मी गुरुजींकडून शिकले, पण फार उशिरा. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरातल्या मुलांनी त्यांच्या ओव्या-गाणी कागदावर उतरवली, म्हणून १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने ती छापून आली. लिहून घेणारी माणसं घरात नसती तर? हे वर्गात सांगितलं आणि मुलांना एक काम दिलं. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसापाशी बसा आणि बहात्तरचा दुष्काळ विचारा. ते माणूस जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत उतरवा. शुद्ध करू नका, सुंदर करू नका.

'पावसाळ्यातील एक दिवस' या विषयावर ज्यांच्याकडून बारा ओळींच्या पुढे कधी काही आलं नव्हतं, ती मुलं आठ-आठ पानं घेऊन आली. खडी फोडायला बाया कशा जायच्या, बोटांना चिंध्या कशा गुंडाळायच्या. पाझर तलावाच्या कामावर मजुरी किती आणि कशी मिळायची. सुकडी मिळायची ती तान्ह्या पोरासाठी पदराला बांधून कशी आणायची. मिलोची लाल भाकरी कशी लागायची. एका मुलीची आजी सांगता सांगता गप्प झाली, तर मुलीने तिथे लिहिलं होतं, 'इथे आजी बोलली नाही. मग चहा केला.' ३२ वर्षांत माझ्या हातातून गेलेल्या कागदांत त्या दोन वाक्यांइतकं नेमकं मी फार थोडं वाचलं. त्या मुलीला याआधी मी 'कल्पनाशक्ती कमी' असं म्हटलेलं होतं.

मुलांनी लिहिलेलं काय मोलाचं असणार, असं ज्यांना वाटतं त्यांना मी पुण्याला घेऊन जाते. १८५५ सालचं पुणे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे ही मांग समाजातली मुलगी. वय किशोरवयाच्या आगेमागे. शाळेत जाऊन काही वर्षंच झालेली. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. 'ज्ञानोदय'ने तो १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत दोन भागांत छापला. ज्यांना धर्मग्रंथ वाचण्याचाच अधिकार नाही त्यांचा धर्म कोणता, असा प्रश्न तिने विचारला. पेशवाईत आपल्या माणसांना इमारतींच्या पायांत पुरत, हे लिहिलं. बाळंतपणात डोक्यावर छप्पर नसलेल्या आपल्या बायकांच्या हालांबद्दल लिहिलं. दलित स्त्रीने लिहिलेलं आणि छापून आलेलं आपल्याकडचं हे सुरुवातीचं लेखन मानलं जातं.

त्या मुलीचं धैर्य तर आहेच. मी आज दुसऱ्या बाजूने पाहते. तो निबंध कुणीतरी वाचला. शिक्षकाने वाचला आणि वहीतच ठेवला नाही. संपादकाने वाचला आणि मुलीचा म्हणून बाजूला सारला नाही. निबंधाला काय विषय घ्यावा, हे तिला पाठ्यपुस्तकाने सांगितलं नव्हतं. तिच्यासमोरचे वाचक असे होते की त्यांना सांगण्यासारखं आपल्याकडे काही आहे, असं तिला वाटलं. आज मुक्ता माझ्या वर्गात असती आणि विषय 'माझा आवडता सण' असता, तर मी तिच्या वहीत किती गोल काढले असते?

निबंधाचं आपण काय केलं आहे ते पाहा. मार्गदर्शकातून निबंध पाठ होतो, परीक्षेत उतरवला जातो, परीक्षक गुण देतो, पेपर गोदामात जातो. दहावीच्या मराठीत उपयोजित लेखन आहे. पत्र लिहा, जाहिरात लिहा, बातमी लिहा. चांगली कल्पना आहे ती, मी तिच्या बाजूची आहे. पण ते पत्र कुणाला जात नाही. दरवर्षी लाखो मुलं रोपवाटिकेच्या व्यवस्थापकाला रोपं मागतात आणि एकाही मुलाला एकही रोप मिळत नाही. मुलांना हे कळतं. ती आपल्याला विचारत नाहीत इतकंच.

म्हणून आम्ही एकदा खरं पत्र लिहिलं. आमच्या शाळेत दोन वाड्यांवरून मुली यायच्या. शाळा पाचला सुटायची आणि त्यांची एसटी चार पन्नासला निघून जायची. पुढची गाडी पावणेसातला. हिवाळ्यात तोवर मिट्ट काळोख. आठवीतल्या ११ मुलींनी आगारप्रमुखांना पत्र लिहायचं ठरवलं. पहिला मसुदा आला तो सगळा 'आपणास नम्र विनंती करण्यात येते की' या थाटाचा. मी म्हटलं, विनंती राहू दे, पण फाट्यापासून वाडीपर्यंत चालताना काय होतं ते आधी लिहा. मग ओढ्यावरचा साकव आला. कुत्री आली. थांबून राहणारी मोटारसायकल आली. दिवाळीनंतर वाडीतल्या दोघींची शाळा घरच्यांनी बंद केली, हे आलं. मसुदा चार वेळा लिहिला गेला. प्रत्येक वेळी मुलींनी स्वतःच्या चुका स्वतः काढल्या, कारण आता शब्द चुकला तर साहेबांना कळणार नव्हतं. शुद्धलेखनाचा एवढा आग्रह मी कधी कुणात निर्माण करू शकले नव्हते.

पाकिटावर तिकीट लावून पत्र टाकलं. १९ दिवसांनी उत्तर आलं. दोनच ओळी. आपले पत्र मिळाले, मागणी विभागीय कार्यालयाकडे पाठविण्यात आली आहे. वर जावक क्रमांक, खाली सही आणि गोल शिक्का. गाडीची वेळ बदलली ती पुढच्या जूनमध्ये, पंचवीस मिनिटांनी. पण उत्तर आलं त्या दिवशी तो कागद ११ जणींच्या हातांतून फिरला. शिक्क्यावरून त्या बोट फिरवत होत्या. एकजण म्हणाली, "बाई, हे आपल्यालाच लिहिलंय?" त्या वर्षी त्या मुलींनी ग्रामपंचायतीला, टपाल कार्यालयाला, आकाशवाणीला पत्रं लिहिली. मी सांगितलं म्हणून नव्हे. मला त्यांतल्या काही पत्रांचा पत्ता पुढे उत्तरं आल्यावरच लागला.

आता मोबाइलबद्दल बोलायला हवं, कारण समोर बसलेल्या पालकांच्या मनात तो कधीपासून आहे. आजची मुलं लिहीत नाहीत हे मला मान्य नाही. ती दिवसभर लिहितात. रोमन अक्षरांत लिहितात, तुटक लिहितात, चित्रं टाकतात, पण लिहितात. माझ्या पिढीतल्या कोणत्याही चौदा वर्षांच्या मुलाने दिवसाला इतके शब्द लिहिले नसतील. का लिहितात? कारण लिहिल्यावर दोन निळ्या खुणा उमटतात. समोरच्याने वाचलं, याचा तो पुरावा आहे. आपण शाळेत त्यांना लाल खूण देतो. फोनमध्ये त्यांना निळी मिळते.

मोबाइलने जे काढून घेतलं त्याची मला काळजी आहेच. लांब वाक्य धरून ठेवण्याची सवय जाते आहे. एका गोष्टीपाशी पाऊण तास बसणं जड जातं आहे, मोठ्यांनासुद्धा. पण फोन हिसकावून घेऊन हातात ज्ञानेश्वरी दिल्याने ते परत येत नाही. घरात एक साधी गोष्ट करून पाहा. मुलाला संदेश पाठवायचा तो देवनागरीत पाठवा, आणि एका शब्दाचा नको, सहा-सात ओळींचा. आज बाजारात काय पाहिलं, तुझ्या मामाचा फोन आला तेव्हा काय बोलणं झालं. देवनागरी कळफलक आता हरेक फोनमध्ये आहे. पंधरा दिवस उत्तर एका शब्दाचं येईल. नेट लावून धरा. माझ्या एका मैत्रिणीचा मुलगा पुण्याला शिकायला आहे. त्याचं पहिलं मोठं उत्तर महिन्याभराने आलं, मेसच्या आमटीबद्दल, आणि त्यात त्याने पहिल्यांदा लिहिलं की करमत नाही.

वाचनाकडे येते. एक गोष्ट आधी स्वच्छ सांगायला हवी. ग्रामीण भागात घरोघरी जाऊन मुलांना अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट असं वाचायला देऊन पाहणारी 'असर' नावाची पाहणी अनेक वर्षं होते आहे. २०२४ च्या पाहणीत देशभरातल्या पाचवीच्या साधारण निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर सलग वाचता आला नाही. ज्याला अक्षरं जुळवतानाच दम लागतो, त्याला वाचनाची गोडी नाही असं म्हणणं अन्याय आहे. त्याला आधी वाचता येऊ द्यावं लागेल. आठवीत आलेल्या अशा मुलांना मी शाळा सुटल्यावर अर्धा तास घेऊन बसत असे, दुसरीच्या पुस्तकासह, दार लावून, म्हणजे इतर मुलांना दिसू नये. एवढ्याने तीन-चार महिन्यांत पुष्कळ फरक पडतो.

ज्यांना वाचता येतं त्यांच्यासाठी मी एक केलं. रोज तासाच्या शेवटची १० मिनिटं मोठ्याने वाचायचं. प्रश्न विचारायचे नाहीत, अर्थ सांगायचा नाही, तात्पर्य तर नाहीच. आपल्याकडे वाचन पूर्वी असंच होतं. श्रावणात वाड्यात 'हरिविजय', 'पांडवप्रताप' लावायचे, एकजण वाचायचा, सगळी गल्ली ऐकायची. अक्षर न येणाऱ्या माझ्या आजीला अख्खा 'पांडवप्रताप' कानांनी आला होता. नववीच्या वर्गाला मी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' वाचून दाखवली. दीड महिना लागला. कोवळा मास्तर मैलोन्‌मैल चालत धनगरांच्या वस्तीवर येतो, तिथपासून पोरं सावध झाली. आनंदा रामोशी त्यांना इतका आवडला की खो-खोच्या मैदानावर त्याचं नाव ऐकू यायला लागलं. दहा मिनिटं झाली की पुस्तक मिटायचं, मध्यावर आलेली गोष्ट मध्यावरच सोडून. चौथ्या दिवसापासून ग्रंथालयाच्या शिपायाकडे एकेक मुलगा त्या पुस्तकाची चौकशी करायला लागला. शेवटाला दुष्काळ पडतो आणि वाडी रिकामी होते, ते मी वाचलं तेव्हा वर्ग शांत होता. मागच्या बाकावरून टोळीबरोबर आलेली एक मुलगी म्हणाली, "आमच्या गावाला पण आता कुणी नसंल."

मला त्या क्षणी २००३ मधला तो मुलगा आठवला. त्याला मी 'बनगरवाडी' दिली असती तर त्याला कळलं असतं की कोपीसारख्या जागेवर, 'व्हता' म्हणणाऱ्या माणसांवर पुस्तकं लिहिली जातात आणि ती मराठीतली मोठी पुस्तकं असतात. १९५५ साली आलेलं ते पुस्तक आमच्या शाळेच्या कपाटात होतंच. कुलूप लावून.

त्या कुलपाबद्दल बोलायचं तर, मी शिक्षकांना दोष देत नाही. वर्षाच्या शेवटी जडसंग्रह नोंदवहीशी पुस्तकं जुळवून घ्यायची असतात. एखादं कमी भरलं तर ज्याच्या ताब्यात कपाट त्याच्याकडून भरून घेण्याची भीती असते. मग सगळ्यांत सुरक्षित पुस्तक म्हणजे ज्याला कुणी हात लावला नाही ते. मुलांच्या हाताळण्याने फाटलेलं, हरवलेलं पुस्तक तोटा म्हणून नव्हे, वापर म्हणून नोंदवता आलं पाहिजे. हा नियम बदलायला पैसा लागत नाही. या सभागृहात शिक्षण विभागातले अधिकारी बसले आहेत, त्यांना मी हात जोडून सांगते, एवढी एक नोंद सोपी करा.

आणि हे वाचनालय. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, गावोगावी अनुदानित वाचनालयं आहेत. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. एवढा जुना वारसा फार थोड्या भाषांना लाभला असेल. सातारा जिल्ह्यातलं भिलार तर २०१७ पासून पुस्तकांचं गाव झालं आहे. तिथे घराच्या ओसरीवर बसून हवं ते पुस्तक वाचता येतं. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आहे, त्याचे जुने अंक फुकट वाचता येतात. म्हणजे पुस्तकांची टंचाई आहे असं मला वाटत नाही. टंचाई आहे ती पुस्तक देताना मुलाकडे पाहणाऱ्या माणसाची.

चर्नी रोडच्या बागेतली गोष्ट अनेकांना माहीत असेल. तिथे एक शाळकरी मुलगा रोज एकटा वाचत बसायचा. कृष्णाजी अर्जुन केळुसकर नावाचे लेखक-शिक्षकही त्या बागेत वाचायला येत. त्यांनी मुलाला पाहिलं, चौकशी केली, पुस्तकं दिली. १९०७ साली तो मुलगा मॅट्रिक झाला, तेव्हा त्याच्या कौतुकाच्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र त्याला भेट दिलं. पुढे बडोदे सरकारची मदत मिळवून देण्यासाठीही तेच धडपडले. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. घरी वडील रामजी सुभेदार मुलाला पुस्तक घेता यावं म्हणून लेकींचे दागिने गहाण ठेवून पैसे आणत. बाबासाहेबांची बुद्धी असामान्य होती, केळुसकर भेटले नसते तरी ती फुललीच असती, असं कुणी म्हणेल. असेलही. पण ते पुस्तक त्या वयात त्या हातात पडलं, आणि पन्नास वर्षांनी काय झालं हे आपण जाणतो. केळुसकरांनी केलेलं पहिलं काम इतकंच होतं की बागेत वाचत बसलेल्या पोराला त्यांनी विचारलं, काय वाचतोस?

आपल्या वाचनालयातही संध्याकाळी तशी मुलं येतात. स्पर्धा परीक्षेची तयारी करायला येतात, त्यांच्यापुढे प्रश्नसंचांचे ढीग असतात. त्यांना कुणी हलकं लेखू नये. त्यांचं वाचन भाकरीसाठी आहे आणि भाकरी हे मोठं कारण आहे. आठवड्यातून एकदा त्यांना एवढंच विचारा, परीक्षेबाहेरचं काय लिहावंसं वाटतं? गेल्या वर्षी मी इथे हा प्रश्न विचारला तेव्हा पोलीस भरतीला तीनदा अपयश आलेला एक तरुण म्हणाला, पहाटे चारला धावायला जातो तेव्हा रस्त्यावर कोण कोण दिसतं ते लिहायचं आहे. त्याची २२ पानं झाली आहेत. दर रविवारी तो दोन पानं आणतो आणि मी वाचते. त्यातली माणसं मला आता ओळखीची झाली आहेत. दूधवाला, गस्तीवरचा हवालदार, मंदिर झाडणारी बाई. मी त्याला एकच प्रश्न विचारते, पुढे काय झालं? गोल काढणं मी सोडून दिलं आहे. शुद्धलेखनाचं त्याचं तो विचारतो, आणि विचारतो तेव्हा मी सांगते.

त्या माणच्या मुलाचा मी शोध घेतला. कारखान्याच्या मुकादमाकडे गेले, जुन्या टोळ्यांची नावं काढली. तो सापडला नाही. तो पेपर माझ्यापाशी आहे. त्याच्या मागे मी पेन्सिलीने त्याला पत्र लिहून ठेवलं आहे.

बाहेर व्हरांड्यात टेबलावर एक हस्तलिखित अंक ठेवला आहे. इथल्या शाळेतल्या नववीच्या मुलांनी तो गेल्या दोन महिन्यांत लिहिला आहे. एकच प्रत आहे. ३६ पानं. ही मुलं आत्ता तुमच्या मागेच बसली आहेत आणि तुम्ही बाहेर पडताना काय करता याकडे त्यांचं लक्ष असणार आहे. चहा झाला की थोडा वेळ काढा, एखादं पान उभ्या उभ्या का होईना वाचा, आणि त्या लिहिणाऱ्याला दोन ओळी लिहा. 'छान' असं लिहू नका. काय पोचलं ते लिहा. पेन दोऱ्याने टेबलाला बांधून ठेवलं आहे. १४ व्या पानावर एका मुलीने तिच्या लेखाखाली अर्धं पान रिकामं सोडलं आहे. कागद वाया का घालवलास, असं मी विचारलं. ती म्हणाली, "बाई, कुणाला काही म्हणायचं असलं तर."